दावं तुमचं आणा

गिऱ्हाईक दारात आलं की मास्तर आपल्याच चित्राची निंदा सुरू करायचे. मी उभा जन्म बाजार बघितलेला माणूस. बैल लंगडा असला तर विकणारा त्याला मऊ मातीवर उभा करतो, म्हातारा असला तर शिंगं तासून तेल चोपडतो. मास्तरांचं उलटं. चांगल्या चालत्या बैलाला हे लंगडा म्हणणार.

"हा ढग बघा," पुण्याहून गाडी घेऊन आलेल्या माणसाला ते सांगायचे. "असा ढग नसतो. आणि तोरणा एवढा उंच नाही. मी वाढवलाय. खोटं आहे हे."

"मला तर छान वाटतंय," गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं.

"आज वाटतंय हो. रोज बघाल तेव्हा टोचेल."

निम्मी माणसं तिथूनच गाडी वळवायची. ती गेली की मास्तर खुशीत येऊन आमच्या ओट्यावर बसायचे आणि हौसाकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं, चहा मागायचे. चित्र न विकल्याचा चहा. विकलं गेलं तर चहा नाही, भाकरी नाही, तोंड भिंतीकडं.

आता ते मिरजेला भाचीकडं असतात. खोली रिकामी आहे. लोक भाड्यानं मागतात, मी देत नाही. का देत नाही ते मला विचारू नका.

शाळेतली नोकरी संपल्यावर ते आमच्याकडं राहायला आले. तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं." एवढंच. जसं काही एसटी चुकली.

कामथडीत हायवेपासून आत आमचं घर. मी त्यांना पुढची खोली दाखवली. फरशी, पंखा, बाहेर नळ. त्यांनी उंबऱ्यातनं डोकं आत घातलं, छताकडं बघितलं आणि नको म्हणाले. गोठ्याला लागून मागं एक खोली होती, कडबा ठेवायची, ती मागितली.

"शेणाचा वास यील मास्तर," हौसा म्हणाली.

"माझ्या रंगांचा त्याहून वाईट येतो, वहिनी. दोघं आपसात बघून घेतील. इथं उजेड चांगला आहे."

उजेडाचं काय कौतुक, मी मनात म्हटलं. पण मास्तरांना सगळा उजेड सारखा नव्हता. उत्तरेचा उजेड गरीब असतो, खोटं बोलत नाही, म्हणायचे. मावळतीचा उजेड नाटकी. दुपारच्याला ते नुसतं 'तो' म्हणायचे. "तो आला की मी झोपतो."

अंगानं उंच आणि वाळके. हातात छत्री, बारा महिने. ब्रश पायजम्याला पुसायची खोड होती, त्यामुळं उजवी मांडी कायम रंगलेली. हौसा मांडीवरनं ओळखायची. "आज भाताचं रान चाललंय वाटतं, मास्तर हिरवं झाल्यात." चार दिवसांनी म्हणायची, "आता नदीला लागल्यात."

खिशात पुठ्ठ्याचा एक तुकडा असायचा, मधोमध चौकोनी भोक पाडलेला. वाटेनं जाता जाता थांबायचे, एक डोळा झाकून त्या भोकातनं कुणाच्याही रानाकडं बघत राहायचे. पहिल्या महिन्यातच गावात बोंब झाली, मोजणीवाला आलाय, रस्ता रुंद होणार. वरव्याचा माझा साडू रात्री फोन करून विचारतो, "तुमच्या भाडेकऱ्यानं आमच्या बांधावर उभं राहून माप घेतलं म्हणं. किती फूट जाणार आमचं?" मी सांगितलं, "काय जात न्हाई. तो तुझं रान घरी नेऊन भिंतीला लावणार हाय." त्याला ते जास्तच वाईट वाटलं.

निंदा करूनही गिऱ्हाईक हललं नाही, तर मास्तर चौकशीला बसायचे. कुठल्या भिंतीला लावणार? ऊन येतं का? समोर काय आहे? समोर टीव्ही असला तर मोडलंच. "नको. दोघं एकमेकांकडे बघत बसतील आणि टीव्ही जिंकेल." एक जोडपं आलेलं. बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, सोफ्याला मॅच होतंय." मास्तर लगेच उठले. "मग सोफाच टांगा," म्हणाले आणि चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवून दिलं.

मी त्यांना तोंडावर सांगायचो, "मास्तर, इकायचं नसंल तर रंगवता कशाला?"

"रंगवायला विकावं लागतं, मालक. रंग महाग आहे." मला ते मालक म्हणायचे. घरमालक म्हणून.

त्यांचं पहिलं मोठं चित्र गेलं, ते वेल्ह्याकडचं होतं. डोंगराच्या पायथ्याला एक कौलारू घर, पुढं खाचरं. पुण्याच्या एका डॉक्टरनं सगळी निंदा ऐकून घेतली, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि घेतोच म्हणाला. तेव्हा माझ्याकडं टेम्पो होता, भाजी आणि वीट-सिमेंट वाहायचो. सकाळी चित्र चढवलं. मास्तर पुढं बसले आणि म्हणाले, "आधी वेल्ह्याला घ्या."

"गिऱ्हाईक पुण्यात, आन् वेल्हं उलट्या अंगाला."

"माहितीय. एकदा दाखवून आणू."

"कुणाला?"

"चित्राला."

डिझेल त्यांचं होतं. मी नसरापुरातनं टेम्पो आत घातला. तिथं गेल्यावर मास्तरांनी चित्र उतरवलं, बांधावर दगडाला टेकवून उभं केलं, समोरच्या घराकडं तोंड करून. आपण बाजूला उभे राहिले. पाहुण्या-पाहुण्यांची ओळख करून देताना गप्प राहतो ना मधला माणूस, तसे. तेवढ्यात त्या घरातली म्हातारी विळा घेऊन आली.

"काय इकताय?"

"काही नाही आजी. हे तुमचं घर."

म्हातारीनं वाकून बघितलं. एकदा चित्र, एकदा घर. "म्हस कुटं हाय?"

"म्हैस नाही काढली."

"मंग आमचं न्हवं," म्हणाली आणि गेली गवताला.

नसरापूर येईपर्यंत मास्तर एकटेच हसत होते. पुण्यात चित्र पोहोचवलं, डॉक्टरनं खिळा ठोकून ठेवलेला होता. मास्तरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. परत येताना खिडकीतनं बाहेर तोंड. आणि मग दोन दिवस जेवले नाहीत. खोलीत ज्या खिळ्याला ते चित्र असायचं त्या खिळ्यासमोर जमिनीवर बसून. भिंतीला तेवढाच चौकोन उजळ राहिलेला.

मी म्हटलं, राहू दे उपाशी, दीडशहाणा. हौसाला ते जमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेली, मी मागं दारात उभा.

"मास्तर, मानूस गेलं का कुणी?"

"नाही वहिनी."

"मंग हे काय? आमी बैल इकतो का न्हाई? हातानं चारून वाढवल्याला असतो. पर दावं देत न्हाई. गिऱ्हाइकानं त्याचं दावं आणायचं. आपलं सोडायचं, त्याचं बांधायचं. जनावर जातं, दावं खुंटीला ऱ्हातं. गोठा मोकळा झाला असं वाटत न्हाई."

"म्हणजे दोर फक्त?"

"दोरच. पर तो त्याच्या गळ्यातला अस्तो न्हवं?"

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भाकरी कसली आहे?"

"ज्वारीची. आन् कसली असणार?"

जेवले. त्या दिवसापासनं त्यांनी हा नेम धरला. चित्राच्या मागं टांगायची दोरी असते ना, ती विकताना कापून ठेवून घ्यायचे. गिऱ्हाइकाच्या समोर कात्री चालवायचे. कपाटाच्या कडीला त्या दोऱ्यांचा झुबका लटकलेला असायचा. आम्हाला सगळ्या सारख्या दिसायच्या. मास्तर हात न लावता सांगायचे, ही भाटघरच्या पाण्याची, ही आंब्याची, ही एका पोरीची.

शहरातल्या माणसांना कुठं ठाऊक? घरी जाऊन बघतात तर टांगायला काही नाही. फोन यायचा.

"अहो, मागं दोरीच नाहीये!"

"नसणारच. दावं तुमचं आणा."

"काय आणू?"

"दावं. दावं."

एकजण लई चिडला. मालात खोट आहे म्हणाला, पैसे परत द्या. मास्तर इतके खूश झाले! मला म्हणाले, "मालक, टेम्पो काढा, तो परत देतोय." आम्ही निघायच्या आत त्याचा पुन्हा फोन, राहू द्या, बायकोनं दोरी बांधली. मास्तर तोंड पाडून आत गेले. पण जेवले त्या दिवशी. हौसाचा उपाय लागू पडला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. विकलेलं चित्र पुन्हा बघायला ते गेले नाहीत. लोक बोलवायचे, वास्तुशांतीला या, चित्र हॉलमध्ये लावलंय. जायचे नाहीत. त्या डॉक्टरच्या गल्लीत कामाला गेले तर लांबच्या रस्त्यानं वळसा घालायचे. मी विचारलं, "एवढा जीव अडकतो तर जाऊन बगत का न्हाई?"

"घरात असतं तोवर मला त्यातली चूक दिसते, मालक. रोज तीच. गेलं की चूक हळूहळू विसरायला होते आणि चित्र तेवढं उरतं. माझी सगळ्यात चांगली चित्रं लोकांच्या घरात आहेत. बघायला गेलो तर पुन्हा वाईट होतील."

मला ते येड्याचं बोलणं वाटलं.

आमचा हरण्या विकला ती गोष्ट सांगतो. जोडीतला एक आधीच गेलेला. नांगरट ट्रॅक्टरनं व्हायला लागली होती, माझे गुडघे गेले होते, एका बैलाचं करायचं काय? भोंगवलीचा एकजण त्याचं दावं घेऊन आला. मी आमचं सोडलं, त्याचं बांधलं, आणि हरण्याला रस्त्यापर्यंत घेऊन गेलो. हौसा गोठ्यात होती. मला ठाऊक ते एवढंच. मास्तर आपल्या खोलीच्या दारात वही घेऊन उभे होते म्हणे.

पुढं दोन-तीन महिन्यांनी हौसा एकदा म्हणाली, "मास्तरांनी मला काढलंय. गोठ्यातली. बगा तरी यिऊन."

"तुला रोज बगतोय की," मी म्हटलं. "तिथं काय निराळी हायस?"

तिनं पिठाचे हात धुतले आणि गेली कामाला. मी काही त्या खोलीत गेलो नाही. आज गेलो नाही, उद्या गेलो नाही. असं करत चित्र विकायची वेळ आली.

त्या चित्राची निंदा मास्तर सगळ्यात जास्त करायचे, त्यामुळं ते लई दिवस टिकलं. चौकटीच्या पट्ट्या भोरच्या वखारीतनं यायच्या. एकदा वखारीचे चाचा पट्ट्या घेऊन स्वतः आले, बरोबर चाची. आम्ही पट्ट्या उतरवत होतो, चाची खोलीत डोकावल्या आणि तिथंच थांबल्या. मास्तरांनी लगेच सुरू केलं. मला सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"बाईचा हात मोठा झालाय."

"असू दे," चाची म्हणाल्या.

"गोठा फार काळा आलाय."

"गोठे काळेच असतात की."

"दारातला उजेड जास्त झालाय. डोळ्यावर येतो."

"असू दे हो मास्तर. आमच्या घरात बिनचुकीचं काहीच नाही. एकटं हेच कसं शोभंल?"

"मी आहे की बिनचुकीचा," चाचा बाहेरून ओरडले.

"बघा, पहिली चूक बोलली," चाची म्हणाल्या.

मास्तर हसले नाहीत. "कुठल्या भिंतीला लावणार?"

"सोप्यात. तांदूळ निवडायला बसते मी, त्याच्या समोर."

"दोरी मिळणार नाही."

चाचींनी बाहेर येऊन चाचांच्या खिशातनं सुतळीचं बिंडं काढून पुढं धरलं. "ही चालंल?"

मास्तरांना पुढं विचारायला काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते चित्र हौसानं आपल्या गोधडीत गुंडाळून दिलं आणि मी भोरला पोहोचवून आलो. टेम्पोतनं मी टोमॅटो नेले, सिमेंट नेलं, नवरदेवाचं वऱ्हाड नेलं. बांधलेला माल सोडून बघायची मला सवय नाही. चाचींच्या दारात दिला आणि फिरलो.

हौसा गेली त्याला दोन वर्षं झाली. पोटाचं दुखणं. पुण्याला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. त्याचं मी सांगत नाही.

दहाव्याला फोटो लागतो. घरात शोधलं तर हौसाचा एक धड फोटो नाही. पोराच्या लग्नातल्या फोटोत ती व्याह्याच्या फेट्याच्या मागं. नाक आणि एक डोळा. दुसरा होता तो आधार कार्डावरचा. तोच मोठा करून आणला पोरानं. त्या फोटोत चांगली माणसंही धरून आणल्यासारखी दिसतात. माझी हौसा तशी नव्हती. तोंडाळ होती, भांडायला उठली की गल्ली गोळा करायची, पण तोंडावर एक तेज होतं. त्या फोटोला हार घातला आणि मला वाटलं, कुणा परक्या बाईचं करतोय.

मास्तर रोज माझ्याजवळ येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. समजुतीचं एक अक्षर नाही. ते बरं होतं, बाकीच्यांनी बोलून बोलून जीव नको केला होता. महिन्यानं मी म्हटलं, "मास्तर, तिचं तोंड काढून द्या."

"मी समोर बघून काढतो, मालक. आठवणीतनं काढलेला माणूस सुंदर येतो. खरा येत नाही."

"सुंदर तर सुंदर."

"दुसरीच बाई येईल. तुम्हीच म्हणाल, ही नव्हे."

मग मला ते गोठ्यातलं चित्र आठवलं. "मंग ते भोरातलं दाखवा. मला ती बगायचीय."

"नका बघू."

"का?"

"तुम्हाला हवं ते त्यात नसेल."

मला वाटलं, यांचं नेहमीचं. स्वतः जात नाहीत म्हणून मलाही अडवतायत. मी एकटा जाऊ शकलो असतो, वाट माझ्या पायाखालची. पण परक्याच्या सोप्यात जाऊन काय म्हणू? माझी बायको दाखवा? ज्यांनी काढलं ते बरोबर असले तर गोष्ट निराळी. मास्तर ऐकेनात. मी बोलायला लागलो की थांबत नाही. म्हटलं, "तुमच्या चित्राची तुमाला भीती. माझी बायको गेलीय. तुमचं फडकं गेलंय. दोन्ही सारखं का?" मग म्हटलं, "खोली रिकामी करा."

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हटलं. मास्तर आत गेले. संध्याकाळपर्यंत खोलीतनं सामान सरकवल्याचा आवाज येत होता. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. उठून नको म्हणावं एवढं माझ्यानं झालं नाही.

सकाळी टेम्पोकडं गेलो तर मास्तर पुढच्या सीटवर बसलेले. छत्री गुडघ्यांत. "चला," म्हणाले. "पण मी आत येणार नाही."

कापूरहोळला भोरकडं वळलो. मला धीर नव्हता. दाढी केली होती, धुतलेली टोपी घातली होती. सत्तरी उलटलेला माणूस, बायको बघायला निघालेला. मनात तेवढंच, एकदा तोंड दिसू दे. त्या फोटोतलं पुसून जाईल.

भोरात वखारीशी टेम्पो लावला. आत करवत चालू होती. मास्तर जागचे हलले नाहीत. मी मागच्या अंगणातनं गेलो. चाचींनी ओळखलं.

"या भाऊ. तुम्हीच घेऊन आलता ना चित्र? मास्तर कसे आहेत?"

"बरं हायती." बाहेर बसलेत हे मी सांगितलं नाही. "इकडं आलतो. म्हटलं, चित्र बगून जावं."

"बघा की. चहा टाकते."

सोप्यात चित्र होतं. सुतळीला टांगलेलं. मी टोपी नीट केली आणि समोर उभा राहिलो.

काळा गोठा. डाव्या अंगाला गव्हाण. मधे हौसा उभी, पाठमोरी. अंबाडा, एक कान, मानेवर काळ्या मण्यांची पोत. डावा हात खांबाला, उजव्या मुठीत हरण्याचं दावं. तोंड नाही. मी बाजूला सरकून बघितलं. माणूस मूर्ख असतो, बाजूनं तोंड दिसेल असं वाटतं. पण पाठ होती ती हौसाचीच. एक खांदा जरा खाली, पाण्याच्या घागरीनं झालेला. काही सांगायची गरज नव्हती.

तिच्या पलीकडं दार, आणि दारात उजेड. त्या उजेडात, माझ्या तळहाताएवढा, एक माणूस बैल घेऊन निघालेला. पांढरी टोपी. तोही पाठमोरा. हौसा त्याच्याकडं बघत होती. बैलाकडं नाही. बैल एका अंगाला होता, तिची मान दुसऱ्या अंगाला होती.

चाची चहा आणि खारी घेऊन आल्या. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मला लई आवडतं बघा. तांदूळ निवडता निवडता मी रोज म्हणते, आता ही हाक मारंल. आत्ता मारंल."

"मारली नसंल," मी म्हणालो.

"बाई गुणाची वाटते. तो माणूस मात्र दगड आहे. एवढी ती उभी आहे, एकदा वळून बघावं की नाही?"

"व्हय. दगडच हाय."

"ओळखता का काय तुम्ही?"

"लई वर्षांपासनं."

चाचींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या टोपीकडं बघितलं. मग चित्राकडं. माझ्या हातातला चहा गार झाला होता, तो घेऊन गेल्या आणि दुसरा गरम आणून दिला. मी तो पिऊन संपवला. सावकाश. मग म्हणाल्या, "भाऊ, कधीही येत जा. दार उघडंच असतं."

मी बाहेर आलो. मास्तर तसेच बसलेले, वखारीकडं पाठ करून, रस्त्यापलीकडच्या भिंतीकडं बघत. मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो. चावी लावली नाही.

त्यांनी विचारलं, "दिसलं का?"

"पाठ दिसली."

"मी म्हटलं होतं तुम्हाला. वहिनींचं तोंड त्यात नाही."

"माझी म्हणतोय मी. मला पाठमोरा का काढलंत?"

"तुम्ही वळला नाहीत, मालक." मास्तर हळूच बोलले, चूक त्यांचीच असल्यासारखे. "मी वाट बघत होतो. तुम्ही वळाल, मग तोंड काढू, म्हटलं. तुम्ही रस्त्याला लागलात. वहिनी त्यानंतरही बराच वेळ उभ्या होत्या."

करवत थांबली. वखारीत कुणीतरी फळ्या रचत होतं, एकावर एक.

मास्तरांनी छत्री या हातातनं त्या हातात घेतली. काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "वहिनींचा तो हात मला जमला नव्हता. मोठा झाला होता. अजून तसाच दिसतो का? चूक आहे का काही त्यात?"

"चित्रात न्हाई," मी म्हणालो.

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दार उघडलं, छत्री सीटवरच ठेवली, आणि उतरले. अंगणाच्या फाटकाशी जरा थांबले, पायजम्याला हात पुसले, आणि आत गेले. चाचींचा आवाज आला, "अगं बाई, मास्तर!" मग तोही बंद झाला.

मी टेम्पोत बसून राहिलो. ऊन वर आलं, मागं एक ट्रॅक्टर येऊन थांबला, पुढं घ्या म्हणाला, मी थोडा पुढं घेतला. मास्तर काही लवकर आले नाहीत. मी हॉर्न वाजवला नाही.